अकरा मिलिग्रॅमचा फरक



आजच्या भाषणास आरंभ करण्यापूर्वीं एका जुन्या चुकीची कबुली देणें मला प्राप्त आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा देशावर, समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीच्या एका गांवीं होती. एके वर्षीं सातवीच्या मुलांकडून मीं पाण्याचा उत्कलनबिंदु काढविला. सर्व मुलांनीं १०० अंश लिहून आणले. एका मुलानें मात्र ९८ लिहिले. मीं त्यास पुन्हां पाणी उकळावयास लाविलें. दुसऱ्या खेपेस ९८ आले. तिसऱ्या खेपेस पारा किंचित् खालीं राहिला, एवढेंच. पुस्तकांत १०० छापलेले असतां हा मुलगा तीन वेळां तीच चूक करतो, तेव्हां त्याला उष्णतामापक वाचतां येत नाहीं असें मीं ठरविलें आणि त्याचे गुण कापले. पुष्कळ दिवसांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं, दोन हजार फुटांवर हवेचा दाब कमी असतो आणि तेथें पाणी ९८ अंशांच्या सुमारासच उकळतें. बाकीच्या मुलांनीं पुस्तक वाचलें होतें. उष्णतामापक त्या एकट्यानेंच वाचला होता.

मोजून आलेला आंकडा अपेक्षेहून निराळा निघाला, तर तो मोजणाऱ्याचा दोष समजावा, कीं सृष्टि आपल्याला कांहीं सांगत आहे असें समजावें? या प्रश्नाचें उत्तर देण्यास एक गोष्ट आधीं ठाऊक असावी लागते. आपल्या मोजण्यांत चूक असलीच तर ती किती असूं शकेल? रसायनशास्त्रांत पदार्थांचें पृथक्करण करणारे लोक या अंदाजाला मापनाची अनिश्चितता म्हणतात. नांव ऐकून विषय रुक्ष वाटेल. परंतु या एका अंदाजाच्या बळावर, आपण क्षणोक्षणीं जी हवा श्वासावाटे घेतों, तींत दडून बसलेलें एक मूलद्रव्य उघडकीस आलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

हेन्री कॅव्हेंडिश हा लंडनचा एक धनाढ्य, एकांतप्रिय आणि अतिशय मितभाषी गृहस्थ. इ. स. १७८५ मध्यें त्यानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. हवेंतील प्राणवायु काढून टाकल्यावर जो वायु उरतो, ज्याला आज आपण नत्रवायु म्हणतों, तो सगळा एकाच जातीचा आहे किंवा त्यांत दुसरें कांहीं मिसळलेलें आहे, हें त्याला पाहावयाचें होतें. त्यानें हवेंत आणखी प्राणवायु घातला आणि त्या मिश्रणांतून विजेच्या ठिणग्या पाडल्या. ठिणगीनें दोन्ही वायूंचा संयोग होतो व जो वायु तयार होतो तो अल्कलीच्या द्रावांत शोषला जातो. हें काम त्यानें मोठ्या चिकाटीनें चालविलें. शेवटीं जास्त झालेला प्राणवायुही शोषून घेतला, तेव्हां नळींत एक लहानसा बुडबुडा राहिला. तो कांहीं केल्या नाहींसा होईना. कॅव्हेंडिशनें लिहून ठेविलें कीं, नत्रवायूंत निराळ्या जातीचा कांहीं भाग असलाच, तर तो एकंदराच्या १२० व्या भागाहून अधिक नाहीं.

या नोंदीकडे जरा लक्ष द्यावें. बुडबुडा हा प्रयोगांतील किरकोळ दोष आहे असें म्हणून कॅव्हेंडिश मोकळा झाला नाहीं, कीं नवा वायु सांपडला अशी दवंडीही त्यानें पिटली नाहीं. आपल्या ज्ञानाची हद्द कोठपर्यंत आहे एवढेंच त्यानें आंकड्यांत सांगितलें. आजच्या मापाप्रमाणें तो भाग सुमारें ८५ व्या हिश्शाइतका भरतो. म्हणजे त्याची मर्यादा थोडी अपुरी पडली. तरी हातानें ठिणग्या पाडण्याच्या त्या काळीं इतक्या जवळ येणें हें नवलच. ही नोंद शंभरांहून अधिक वर्षें ग्रंथांत पडून राहिली.

आतां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊं. १८१५ सालीं विल्यम प्राउट नांवाच्या लंडनच्या एका वैद्यानें अशी कल्पना मांडली होती कीं, सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हे हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटींत असतात. कल्पना मोहक होती. ती खरी असेल तर हायड्रोजन १ धरला असतां ऑक्सिजन बरोबर १६ भरला पाहिजे. १५.९ भरला तर? ही मोजणाऱ्याची चूक म्हणावी कीं कल्पनेची? लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें हाच प्रश्न हातीं घेतला. केंब्रिज येथें कॅव्हेंडिशचेंच नांव धारण करणाऱ्या प्रयोगशाळेचे ते पूर्वीं प्राध्यापक होते. पुढें इसेक्स परगण्यांतील टर्लिंग या आपल्या गांवीं, घरच्या प्रयोगशाळेंत ते वायु तोलीत बसले.

वायु तोलणें म्हणजे काय, हें गृहिणींनींही समजून घेण्यासारखें आहे. कांचेचा एक पोकळ गोल घ्यावयाचा. तो निर्वात करून तोलावयाचा, मग त्यांत वायु भरून पुन्हां तोलावयाचा. रॅले यांच्या गोलांत पावणेदोन लिटरांहून थोडा अधिक वायु मावे आणि त्याचें वजन अवघें सव्वादोन ग्रॅमच्या वर थोडेंसें भरे. गोल स्वतः त्याहून किती तरी जड! त्यांत भर अशी कीं, पाण्यांत बुडविलेली वस्तु जशी हलकी लागते, तसा हवेंतील गोलही हलका लागतो, आणि किती हलका लागेल हें त्या दिवशींच्या हवेच्या दाबावर व उष्णतेवर अवलंबून. फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यानें यावर एक सुंदर तोड काढली होती. दुसऱ्या पारड्याकडे तशाच आकाराचा बंद गोल टांगावयाचा, म्हणजे हवेचा जो परिणाम एकावर तोच दुसऱ्यावर, आणि दोन्ही परस्पर फिटतात.

परंतु रेन्योच्या मापांतही एक दोष दडलेला होता आणि तो रॅले यांनीं लक्षांत आणून दिला. गोल निर्वात केला कीं बाहेरील हवेच्या दाबानें तो अगदीं किंचित् आक्रसतो. आक्रसला म्हणजे तो कमी हवा दूर सारतो आणि त्यामुळें अंमळ जड लागतो. रिकामा गोल जड लागला म्हणजे आंतील वायूचें वजन वाजवीपेक्षां कमी निघणार. ही चूक एकदां अधिक व एकदां उणी अशी होत नाहीं; प्रत्येक वेळीं एकाच बाजूस होते. शंभर वेळां तोलून सरासरी काढली तरी ती जात नाहीं. हात थरथरल्यानें होणारी चूक आणि तराजूच वांकडा असल्यानें होणारी चूक या दोन निराळ्या जाती आहेत. पहिली पुनःपुन्हां मोजल्यानें क्षीण होते. दुसरी मोजण्यानें नाहींशी होत नाहीं. ती विचार करून शोधून काढावी लागते. रॅले यांनीं या दोन्हींचा हिशेब ठेविला आणि १८९२ मध्यें ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या घनतेचें प्रमाण १५.८८२ असें सांगितलें. १६ नव्हेच, आणि फरक चुकीच्या हद्दीच्या पुष्कळ पलीकडचा होता.

यानंतर त्यांनीं नत्रवायु घेतला. येथून खरी कथा सुरू होते. प्रथम त्यांनीं अमोनियाच्या साहाय्यानें हवेंतील प्राणवायु काढून टाकला. या रीतींत मिळणाऱ्या नत्रवायूचा कांहीं भाग हवेंतून व कांहीं अमोनियांतून येतो. मग पडताळा म्हणून नुसत्या तापलेल्या तांब्यावरून हवा नेऊन प्राणवायु काढला. दोन्ही वजनें जुळावयास पाहिजे होतीं. तीं जुळलीं नाहींत. फरक सुमारें हजारांत एक भाग एवढा होता.

हजारांत एक! आमच्यासारखा माणूस त्याकडे पाहताही ना. रॅले मात्र अस्वस्थ झाले, कारण आपला तराजू हजारांत एकाची चूक करीत नाहीं हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. सप्टेंबर १८९२ मध्यें त्यांनीं ‘नेचर’ या साप्ताहिकांत पत्र लिहून हा फरक जाहीर केला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे त्याचा उलगडा मागितला. एवढ्या मोठ्या पदवीचा मनुष्य आपलीं दोन वजनें जुळत नाहींत असें चारचौघांत सांगतो, यांत जें मनाचें धैर्य आहे, तें मला वजनाच्या अचूकतेइतकेंच मोलाचें वाटतें.

पुढें त्यांनीं जें केलें तें अधिकच शिकण्यासारखें आहे. मतभेद दिसला कीं तो कसा तरी मिटवावा, हा मनुष्यस्वभाव. त्यांनीं उलट केलें. फरक वाढतो काय तें पाहिलें. हवेच्या ऐवजीं शुद्ध प्राणवायु वापरून सर्व नत्रवायु अमोनियांतूनच काढला, तर फरक हजारांत एकावरून दोनशेंत एकावर गेला. मग त्यांनीं निरनिराळ्या संयुगांपासून नत्रवायु तयार केला. गोलांत मावणाऱ्या वायूचें वजन नायट्रिक ऑक्साइडपासून २.३००१ ग्रॅम, नायट्रस ऑक्साइडपासून २.२९९०, अमोनियम नायट्राइटपासून २.२९८७ आणि युरियापासून २.२९८५ असें भरलें. हवेंतून काढलेल्या नत्रवायूचें वजन तापलेल्या तांब्याच्या रीतीनें २.३१०३, तापलेल्या लोखंडाच्या रीतीनें २.३१०० आणि लोहाच्या एका ओल्या संयुगाच्या रीतीनें २.३१०२ असें आलें.

श्रोत्यांनीं हे आंकडे पाठ करण्याचें कारण नाहीं; त्यांची बैठक तेवढी पाहावी. पहिल्या गटांतील वजनें आपापसांत फार तर दीड-दोन मिलिग्रॅमनें विखुरलेलीं आहेत. दुसऱ्या गटांतील तर तिसऱ्या हिश्शाइतक्या मिलिग्रॅमनेंच. आणि दोन गटांच्या सरासरींत अंतर आहे ११ मिलिग्रॅमचें. जणूं नदीच्या दोन तीरांवर दोन गांवें वसावीं आणि मधल्या पात्रांत एकही घर नसावें! हा फरक हात थरथरल्याचा असता तर वजनें मधल्या जागेंतही पडलीं असतीं. कारण कोणत्याही एका रासायनिक रीतींत असतें तर गटांतील इतर रीतींनीं निराळें वजन दाखविलें असतें. हलका नत्रवायु साठवून कालांतरानें जड होतो काय हेंही त्यांनीं आठ महिने ठेवून पाहिलें; वजन बदललें नाहीं. तेव्हां एकच गोष्ट उरली. हवेंतील नत्रवायूंत कांहीं तरी जड पदार्थ मिसळलेला असला पाहिजे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रॅम्झे यांनीं १८९४ मध्यें हवेंतून काढलेला नत्रवायु तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हां नेला. मॅग्नेशियम नत्रवायु शोषून घेतें. उरलेला वायु जसजसा कमी होत गेला तसतसा जड होत गेला. शेवटीं हायड्रोजनच्या सुमारें २० पट घनतेवर तो थांबला. इकडे रॅले यांनीं कॅव्हेंडिशचा जुना प्रयोग पुन्हां केला आणि तोच हट्टी बुडबुडा पुन्हां हातीं आला. ऑगस्ट १८९४ मध्यें ऑक्सफर्ड येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत दोघांनीं मिळून ही वार्ता सांगितली. नवा वायु कशाशींही संयोग पावत नाहीं, म्हणून त्याला आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘आर्गॉन’ हें नांव मिळालें.

मास्तराच्या संवयीनें एक ताळा करून दाखवितों. नत्रवायूची घनता १४, आर्गॉनची सुमारें २०. हवेंतील तथाकथित नत्रवायूच्या १००० भागांत १२ भाग आर्गॉन धरा. ९८८ गुणिलें १४ अधिक १२ गुणिलें २०, भागिलें १०००, उत्तर १४.०७२. हें १४ पेक्षां जवळजवळ दोनशेंत एका भागानें अधिक आहे. रॅले यांच्या तराजूनें नेमकें हेंच सांगितलें होतें.

प्रारंभीं पुष्कळांचा विश्वास बसला नाहीं. मेंडेलीफसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञालाही हा नत्रवायूचाच तीन अणूंचा एक प्रकार असावा असें वाटलें. परंतु १८९८ पर्यंत याच कुळांतील निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हे वायुही रॅम्झे आणि त्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनीं हवेंतून वेगळे केले आणि शंकेस जागा उरली नाहीं. १९०४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक रॅले यांस व रसायनाचें रॅम्झे यांस मिळालें. मुंबईचे जमशेटजी टाटा यांच्या संकल्पित विज्ञानसंस्थेबद्दल सल्ला देण्यास हेच रॅम्झे भारतांत आले होते, आणि बंगलोर येथील त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्स हे झाले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, ज्याचें माप सूक्ष्म त्याला सत्य सांपडतें. यांत नवें काय? म्हणून याच्या उलट एक गोष्ट सांगतों. १९२७ मध्यें केंब्रिजच्या ॲस्टन यांनीं हायड्रोजनच्या अणूचें वस्तुमान एका नव्या उपकरणानें काढलें. रसायनाच्या रीतीनें काढलेल्या अणुभाराशीं तें सुंदर जुळलें. पुढें १९२९ मध्यें ऑक्सिजनचे जड प्रकार सांपडले आणि दोन्ही मापांची पायाभूत पट्टीच निराळी होती असें दिसून आलें. म्हणजे जें जुळलें होतें तें वस्तुतः जुळत नव्हतें. १९३१ मध्यें बर्ज आणि मेंझेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं म्हटलें कीं, हायड्रोजनमध्यें सुमारें साडेचार हजारांत एक या प्रमाणांत दुप्पट जड अणु असतील तर हा फरक मिटतो. तें वाचून हॅरल्ड यूरी यांनीं शोध आरंभिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो जड हायड्रोजन खरोखरच सांपडला. १९३४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें.

आणि १९३५ मध्यें ॲस्टन यांनीं आपलें जुनें माप दुरुस्त केलें! ज्या फरकावरून हा शोध लागला, तो फरक मुळांत नव्हताच. ॲस्टन यांच्या मापांत, त्यांना वाटत होती त्याहून अधिक चूक होती. ती मर्यादा त्यांनीं रुंद सांगितली असती तर बर्ज आणि मेंझेल यांस कांहीं म्हणावयास जागाच राहिली नसती. यूरी यांनींही हें मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. कोणी म्हणेल, चूक झाली हें बरेंच झालें. त्या वेळीं नशीब बलवत्तर होतें, हें खरें. परंतु चुकलेल्या वाटेवर एखादे वेळीं मोहरांचा हंडा सांपडला, म्हणून कोणी वाट चुकण्याचा नेम धरीत नाहीं. आपल्या मापाविषयीं फाजील विश्वास बाळगणाऱ्या ज्या शेंकडों लोकांस कांहींच सांपडलें नाहीं, त्यांचीं नांवें इतिहासांत येत नाहींत.

पूर्वीं हा चुकीचा अंदाज प्रत्येक शास्त्रज्ञ आपापल्या मगदुराप्रमाणें करी. एकजण फक्त हाताच्या थरथरीचा हिशेब देई, दुसरा सर्व चुका सरळ बेरजेनें मिळवी, तिसरा कांहींच सांगत नसे. १९७७ मध्यें वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें या गोंधळाकडे लक्ष दिलें आणि १९९३ मध्यें या विषयाची सर्वमान्य मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. रसायनाच्या पृथक्करणासाठीं निराळें पुस्तक १९९५ मध्यें निघालें. त्यांतील मूळ सूत्र रॅले यांचेंच आहे. जी अनिश्चितता पुनःपुन्हां मोजून कळते ती तशी काढावी. जी तशी कळत नाहीं ती इतर ज्ञानावरून ठरवावी. आणि दोन्ही उघडपणें मांडाव्या. उदाहरण घ्या. १०० मिलिलिटरची चंचुपात्राहून नाजूक, खूण केलेली कुपी २० अंशांस प्रमाणित केलेली असते. आपल्याकडील उन्हाळ्यांत खोलींत ३० अंश असले तर पाणी प्रसरण पावून सुमारें पाव मिलिलिटरचा फरक पडतो. कितीही वेळां कुपी भरली तरी हा फरक दिसणार नाहीं. तो पुस्तकावरून काढावा लागतो. परस्परांशीं संबंध नसलेल्या चुका एकत्र करतांना सरळ बेरीज करीत नाहींत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ३ आणि ४ मिळून ७ नव्हे, ५ होतात. काटकोन त्रिकोण शिकलेल्यांस हें नवें नाहीं.

हा केवळ पंडितांचा विषय आहे असें मात्र समजूं नये. आपल्याकडील द्राक्षें युरोपांत जातात. त्यांतील कीटकनाशकाचा अवशेष किलोमागें ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावा अशी मर्यादा आहे असें समजा, आणि तिकडील प्रयोगशाळेच्या मापांत ०.०८ आले. माल परत पाठवावा काय? इतक्या सूक्ष्म प्रमाणाच्या मापाची अनिश्चितता युरोपीय संघाच्या मार्गदर्शक नियमांत सामान्यतः ५० टक्के धरतात. ०.०८ मधून निम्मे वजा केले कीं ०.०४ राहतात, म्हणजे मर्यादा निश्चितपणें ओलांडली असें सरकारी अधिकाऱ्यास म्हणतां येत नाहीं. एका आंकड्याशेजारीं दुसरा आंकडा लिहिलेला असणें वा नसणें, यावर एखाद्या बागायतदाराचें वर्षाचें उत्पन्न अवलंबून राहूं शकतें.

शेवटीं पुन्हां आर्गॉनकडे वळतों. अणुभार ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१७ पासून आर्गॉनचा अणुभार एका आंकड्यानें सांगणें सोडून दिलें आहे. तो ३९.७९२ ते ३९.९६३ यांच्या दरम्यान, असा दिला जातो. कारण निरनिराळ्या ठिकाणच्या आर्गॉनमध्यें हलक्या व जड अणूंचें प्रमाण निरनिराळें असतें. येथें संशय मोजणाऱ्याच्या हातांत नाहीं. वस्तूच तशी आहे, आणि तें लिहून ठेवणें हेंच अचूकपण.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे कापलेले गुण आतां परत देतां येत नाहींत. परंतु आज एखाद्या वर्गांत कोणी मुलगा पुस्तकाहून निराळा आंकडा घेऊन मास्तरांपुढें उभा राहिला, तर त्या मास्तरांनीं त्याला एवढेंच विचारावें : बाळ, तूं किती वेळां मोजलेंस? आणि तुझें माप किती चुकूं शकेल असें तुला वाटतें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्याला देतां आलीं, तर गुण कापण्याची घाई करूं नये. आधीं आपण स्वतः एकदां पाणी उकळून पाहावें.